पिंपातली खडूची खूण

हऱ्या,

आधी तुला हसवतो, मग बाकीचं सांगतो. तुझ्या अंत्यदर्शनाला मी चुकीच्या घरी जाऊन रडलो.

सकाळी सुलभाचा फोन आला. "दिग्या, हरेश्वर गेला रे पहाटे." पुढचं मी ऐकलंच नाही. बोरिवलीहून रिक्षा केली, वर्सोव्याला कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरलो, हार घेतला आणि चालायला लागलो. ज्या गल्लीत शाळेपासून येतोय ती गल्ली डोळे भरल्यावर ओळखता येईना. एका दाराबाहेर माणसं उभी होती, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आतून बायकांचं रडणं येत होतं. शिरलो. कुणाच्या तोंडाकडे न बघता पायांवर हार ठेवला आणि तिथेच बसकण मारून असा हंबरडा फोडला की आधीपासून रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पाठीवर कुणाचा तरी हात आला. एक म्हातारी विचारत होती, "कुठून आलाव, भाऊ?"

"बोरिवलीहून. शाळेतला मित्र मी. एका बाकावर बसायचो आम्ही."

तिने पाठीवरचा हात काढला नाही. मग हळूच म्हणाली, "आमचं म्हातारं तं शालेत कधी गेलंच नाय."

मी वर बघितलं. पंच्याऐंशीच्या पुढचे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे एक गृहस्थ शांतपणे झोपले होते. त्या भल्या लोकांनी मला पाणी पाजलं आणि त्यांच्या जावयाने हाताला धरून तुझ्या दारापर्यंत आणून सोडलं.

तुझ्यापाशी बसल्या बसल्या हे सगळं मी तुला मनात सांगितलं. एरवी असल्या किश्शावर तू मांडीवर थाप मारून "वाट लावलीस रे मास्तर" म्हणाला असतास आणि खोकला येईपर्यंत हसला असतास. तू हसला नाहीस. तेव्हा मला पटलं.

आज पंधरा दिवस झाले. सुलभा म्हणाली, "लिहून काढ. तोंडाने तुला जमायचं नाही, तू मधेच विनोद करशील." ती मला ओळखते. एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, हऱ्या. ती सांगायला मला जवळजवळ चाळीस वर्षं मिळाली होती. तेवढी सगळी वर्षं मी विनोद केले.

तुला आठवतं का, आपण तिघं एकत्र आलो तेच मुळी उत्तरं नव्हती म्हणून. दहावीचं वर्ष. क्लासला आपल्यातलं कुणीच जात नव्हतं. माझ्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली होती आणि ते एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसत होते. सुलभाचे वडील पोस्टमन. तुझ्या घरी तर दहावीपर्यंत पोचलेला तूच पहिला. सुलभाची आतेबहीण घाटकोपरला एका बड्या क्लासला जायची. तिच्याकडून सराव परीक्षांचे पेपर यायचे. सायक्लोस्टाईलची निळसर अक्षरं, अर्धी पुसट, कागदाला तो विशिष्ट वास. पण उत्तरं क्लासचे सर फळ्यावर सांगायचे, आणि आतेबहिणीला ती उतरवून घ्यायचा कंटाळा. त्यामुळे आपल्याकडे गठ्ठाभर प्रश्न आणि उत्तर एकाचंही नाही.

म्हणून सुलभाने तो नियम काढला. शाळा सुटली की तुझ्या घरामागे, दुरुस्तीला उलथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसायचं. प्रत्येकाने पेपर आपापला सोडवायचा आणि मग भांडायचं. सुलभाच्या दोनशेपानी वहीत उत्तर आधी पेन्सिलीने लिहायचं. तिघांनाही पटलं की तिघांनी त्या उत्तरावर एकेक बोट ठेवायचं, आणि तीन बोटं पडली की ती पेन काढून तेच उत्तर शाईने गिरवणार. दोन बोटं असतील तर पेन्सिलच. "बहुमत चालणार नाही," ती म्हणाली होती. "दोघं मिळून पण चुकू शकतात. दिग्या एकटाच दोघांएवढा चुकतो."

खोटं नव्हतं ते. त्या शेताचं गणित विसरला नसशील. आयताकृती शेत, लांबी रुंदीपेक्षा सात मीटरने जास्त, क्षेत्रफळ साठ. माझी रुंदी आली उणे बारा. तुम्हा दोघांची पाच.

"उणे बारा मीटर रुंद शेत तू बघितलंस कुठे?" तू विचारलंस.

"ताळा जुळतो ना पण! उणे बारा गुणिले उणे पाच, साठ!"

"अरे पण शेत कुठाय?"

"खणलं असेल," मी म्हणालो. "विहीर असेल तिथे."

सुलभाने पेन्सिल खाली ठेवली आणि ओढणीत तोंड घालून हसली. पुढचे दोन महिने माझं नाव विहीर होतं. तुझी आय सुद्धा मला बघून विचारायची, "इहीर आली का? सगल्यांनी खावाला बसा आधी." सोमवार पाळणारी सुलभासुद्धा तुझ्या आयच्या हातच्या बोंबलांसमोर वार विसरायची.

आणि तू? तू गणितात गाडी पुढेच जाऊ द्यायचा नाहीस. एक नळ हौद सहा तासांत भरतो आणि दुसरा नळ नऊ तासांत रिकामा करतो, दोन्ही एकदम सुरू केले तर हौद किती वेळात भरेल? तू पेन्सिल कानावर ठेवून म्हणायचास, "दोन्ही एकदम सुरू करणाऱ्याला पहिला धरा. आमच्याकडे नळ तासभर येत नाय आणि हा सोडतोय पाणी." "हऱ्या, गणित कर," सुलभा ओरडायची. मग तू करायचास, आणि माझ्या आधी करायचास. तुला आकड्यांची भीती नव्हती. प्रश्नातली वस्तू खरी आहे की नाही हे आधी बघायचास, एवढंच. मी मात्र प्रश्न छापलाय म्हणजे खरा, असं धरून चालणारा. पुढे मी शिक्षक झालो यात नवल नाही.

आता होडीच्या प्रश्नाकडे येतो. बघ, इथेसुद्धा मी विहिरीच्या काठाकाठाने चाललो होतो.

डिसेंबरातला पेपर. प्रश्न असा होता: एका टाकीत होडी तरंगत आहे, होडीत दगड आहे. दगड उचलून टाकीतल्या पाण्यात टाकला, तर टाकीतल्या पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? कारण द्या. गुण दोन.

मी एका क्षणात सांगितलं, तेवढीच. दगड आधी टाकीत होता, आताही टाकीतच आहे. बाहेर थोडाच गेलाय? सुलभाला पटलं. तिने पेन्सिलीने लिहिलंसुद्धा. तू बोट ठेवलं नाहीस.

"उतरेल," तू म्हणालास.

"कसं?"

"कसं ते सांगता नाय येत. पण उतरेल."

"कारण द्या असं लिहिलंय. ‘सांगता नाय येत’ हे कारण आहे का?"

दुसऱ्या दिवशी तू कारण घेऊन आलास. तुझ्या वडिलांच्या होडीत नांगराला दगड होता. तो पाण्यात सोडला की होडी किती वर उठते हे तू लहानपणापासून बघत होतास. वाळूत काडीने होडी काढून तू म्हणालास, "हे बघ. धोंड्याचं वजन मोठं, अंग लहान. होडीत असतो तेव्हा होडी त्याच्या वजनाने खाली बसते, वजनाएवढं पाणी बाजूला सारते. पाण्यात गेला की तो फक्त आपल्या अंगाएवढी जागा घेणार. मग बाकीच्या पाण्याने जायचं कुठे? खालीच ना?"

हऱ्या, मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आर्किमिडीजचं तत्त्व याहून नीट सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तू पंधरा वर्षांचा होतास आणि तुझ्या हातात वाळलेली काडी होती.

पण त्या आठवड्यात मी चार वेळा चुकलो होतो आणि चारही वेळा सुलभासमोर. ती आमच्याच चाळीत समोरच्या खोलीत राहायची. गॅलरीत दोरीवर कपडे घालायला आली की "काय विहीर, झाला का अभ्यास?" म्हणून विचारायची. पाचव्यांदा चुकायला माझी तयारी नव्हती. मी आवाज चढवला. "तुला होडी माहीत आहे रे, पण हे सायन्स आहे. खाडीत पाणी उतरलेलं कधी बघितलंस का दगड टाकून?" तू प्रामाणिकपणे म्हणालास, "खाडीत कसं दिसणार?" मी म्हणालो, "मग?" तीन दिवस हेच चाललं. शेवटी सुलभा वैतागली. "करून बघा ना! पिंप आहे दिग्याकडे."

रविवारी सकाळी तू वर्सोव्याहून आमच्या चाळीपर्यंत चालत आलास, पिशवीत तुमच्या होडीतला तो गोल, काळा, पाचेक किलोचा दगड घेऊन. आई बाजारात गेली होती. गॅलरीतल्या लोखंडी पिंपात नुकतंच पाणी भरलेलं. त्यात आईचा मोठा ॲल्युमिनियमचा टोप सोडला, टोपात दगड ठेवला. टोप डुगडुगला, मग स्थिर झाला. खूण करायचं काम माझ्याकडे, कारण पिंप माझं आणि खडूही मीच शाळेतून उचलून आणलेला. मी वाकून पाण्याच्या रेषेला अगदी लागून खडूने आडवी रेघ मारली. तुम्ही दोघांनी वाकून बघितली. मग तू दोन्ही हातांनी अलगद दगड उचललास आणि आवाज न करता पाण्यात सोडलास.

"बघ आता," तू म्हणालास.

मी आधी वाकलो. माझी पाठ तुमच्याकडे होती.

पाणी उतरलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं. खडूची रेघ वर राहिली होती आणि तिच्याखाली ओल्या लोखंडाचा एक पट्टा चमकत होता. तुझं उत्तर होतं ते, पिंपात लिहिलेलं. मी ते सगळ्यात आधी बघितलं, आणि ओल्या अंगठ्याने वरची रेघ पुसून पाण्याला लागून नवी मारली.

हे करताना माझा तोल गेला आणि डोकं थेट पाण्यात. तुम्ही दोघांनी मला मागून चड्डी धरून ओढलं. मी नाकातोंडातून पाणी गाळत बाहेर आलो आणि सगळ्यात पहिलं काय बोललो, तर "तेवढंच!"

सुलभा हसून हसून गॅलरीच्या कठड्याला टेकली. तू मात्र वाकून पिंपात बघत राहिलास. खूप वेळ. रेघ पाण्याला लागून होती, पण तिच्यावर तो ओला पट्टा होता.

"हे वर ओलं कसं?"

"माझं डोकं गेलं ना आत, मूर्खा. शिंतोडे उडाले."

तू हात आत घातलास. बोटाने तो पट्टा पुसून बघितलास. मग सरळ उभा राहिलास आणि सुलभाला म्हणालास, "लिही. शाईने लिही." आणि वहीवर बोट ठेवलंस. सुलभाने तिचं ठेवलं, मी माझं. अंगठा चड्डीला पुसून झाला होता.

तेवढ्यात आई बाजारातून आली. पिंपात बघून तिने तोंडाचा पट्टा सोडला, "मेल्यांनो, पिपात धोंडो कित्याक घातलास? पिवचा पाणी आसा ता!" तिघांनी मिळून पिंप रिकामं केलं. रिकाम्या पिंपात रेघ तेवढी राहिली. दुपारी आईने काथ्याने घासून काढली. दगड न्यायला तू विसरलास. मुद्दाम विसरलास की काय, कुणास ठाऊक. तो दगड आईने दाराला अडकण म्हणून लावला आणि पुढे माझ्याबरोबर बोरिवलीला आला. अजून आहे. पुरावा आपल्याच दाराशी ठेवून झोपणारा गुन्हेगार तू दुसरा बघितला नसशील.

मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात तो प्रश्न आला. होडीच्या जागी तराफा आणि दगडाच्या जागी लोखंडी गोळा. माझा हात क्षणभरसुद्धा अडखळला नाही. ‘पातळी कमी होईल,’ मी लिहिलं, आणि खाली तुझं कारण लिहिलं, वजन आणि आकारमान असे शब्द घालून. तुझी वाळूतली आकृतीसुद्धा काढली. दोनपैकी दोन मिळाले असणार.

बाहेर आलो तर तू फाटकाशी उभा. "आला रे आपला प्रश्न! काय लिहिलंस?"

"तेवढीच," मी म्हणालो.

"मी पण. कारण काय दिलंस?"

"गोळा आधी पण टाकीत, नंतर पण टाकीत."

"हां. मी पण तेच." आणि मग, खांद्यावर हात टाकून, "चल, सोडा पिऊ."

तो सोडा मी प्यायलो, हऱ्या.

विज्ञानात तू सहा गुणांनी राहिलास. दोन नव्हे, सहा. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की घोकून पाठ झालंय. त्या प्रश्नाचे दोन मिळाले असते तरी चार कमीच पडले असते. गणित बरोबर आहे, ताळाही जुळतो. उणे बारा मीटरच्या शेताचासुद्धा जुळला होता.

कारण खरी गोष्ट नंतर झाली. ऑक्टोबरला बस म्हणून सांगायला मी आणि सुलभा तुझ्याकडे आलो होतो. एकच विषय. तुझी आय सुद्धा पाठीस लागलेली. तू जाळं घेऊन बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "नको यार. बाकीचं येतं मला. सायन्स आपल्या बसची बात नाय. जे डोळ्यांनी बघून पण मला चुकीचं कळलं, ते पुस्तक वाचून काय बरोबर कळणार?"

सुलभा म्हणाली, "कुठलं रे?"

"ती होडी."

मी तिथेच बसलो होतो, तुझ्यापासून हातभर अंतरावर. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर तू जाळ्याचं लाकूड माझ्या डोक्यात घातलं असतंस आणि ऑक्टोबरला बसला असतास. मी म्हणालो, "माझ्यासारखा विहिरीत पडलास तू." सगळे हसले. तूही हसलास, आणि पुन्हा जाळ्याकडे बघायला लागलास.

आता तू म्हणशील, मास्तर, एवढं लावून घेऊ नको, माझं काय वाईट झालं? नाही झालं. हे मी मान्य करतो आणि मला ते लिहायचंही आहे. समुद्रावर चार वर्षं काढून तू डिझेल इंजिनात हात घातलास, आणि मढपासून लोक तुला शोधत यायला लागले. इंजिनाला कान लावून तू सांगायचास, कुठे अडलंय. माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत पंप बिघडला की मुख्याध्यापक कंपनीला फोन करायचे आणि मी तुला. तू कंपनीच्या आधी पोचायचास. माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस तू रोज आलास, पाणी भरलंस, निघून गेलास. तुझ्या मुलीच्या, नम्रताच्या, पाचवीच्या पूजेला मढच्या फेरीबोटीतून उतरताना मी नव्या बुटांसकट गुडघाभर चिखलात गेलो आणि तू मला तसाच उचलून खांद्यावर टाकून घरी नेलंस. पाहुणे म्हणाले, हा कोण? तू म्हणालास, "सायन्सचे सर." चिखल टपकत होता आणि तू ते अभिमानाने सांगत होतास. टोमणा नव्हता त्यात. मला त्याचाच त्रास झाला.

आणि तुझं ते विचारणं. भेटलास की नमस्कार नाही, काही नाही. लांबूनच ओरडायचास, "काय मास्तर, पाणी किती?"

आणि मी हात उंचावून, "तेवढंच!"

लग्नात, बारशाला, मासळीबाजारात, एकदा तर अंधेरी स्टेशनच्या पुलावर भर गर्दीत. बायको विचारायची, हे काय नेहमीचं? मी सांगायचो, शाळेतला जोक आहे. तुझ्या चेहऱ्याकडे मी दर वेळी नीट बघायचो. तुला काही माहीत आहे का, ते शोधायला. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, मी उगाच. तू तर त्या हाकेला गंमत म्हणूनच वापरत असशील. पण दर वर्षी नववीच्या वर्गात होडीचा प्रश्न शिकवताना मी फळ्यावर ‘कमी होते’ लिहायचो आणि खडू खाली ठेवून हात झटकायचो. मुलं विचारायची, सर, हे पहिल्यांदा कुणी शोधलं? मी त्या ग्रीक म्हाताऱ्याचं नाव सांगायचो. एकदाही तुझं सांगितलं नाही.

मग हॉस्पिटल. तुझ्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. दुपारची वेळ, पलंग खिडकीशी. तुझ्या बरगडीतून नळी, खाली बाटली. मी दारात दिसलो तर तू मान उचललीस. हाक मारायला श्वास पुरत नव्हता, म्हणून नुसती भुवई उडवलीस. पाणी किती?

मी जवळ बसलो. तू हळूहळू म्हणालास, "सकाळी दीड लिटर काढलं." मग माझ्याकडे बघितलंस. डोळ्यांत तीच चमक. "पाणी उतरतं बघ, दिग्या."

मास्तर नाही म्हणालास. दिग्या म्हणालास. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नम्रता औषधं आणायला गेली होती. चाळीस वर्षांत इतका मोकळा क्षण आपल्याला कधी मिळाला नव्हता. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं ते तुला माहीत आहे. मी म्हणालो, "बाटलीत बघ, तिथे तेवढंच वाढलं असेल."

तू हसलास. हसताना खोकला आला, खोकल्याने नळी दुखली, नर्स आली आणि मला बाहेर काढलं. चार दिवसांनी सुलभाचा फोन.

तुला माहीत होतं का रे? तो ओला पट्टा बोटाने पुसलास तेव्हाच कळलं होतं का? की मी बोलावं म्हणून दर भेटीला विचारत होतास, पाणी किती, पाणी किती? उत्तर आता कुणाकडेच नाही. आपल्या पेपरांसारखंच.

तुझ्या बाराव्याला जेवणं झाल्यावर मी आणि सुलभा मागे किनाऱ्यावर गेलो. आपली होडी तर कधीच मोडीत गेली, दुसरी एक फायबरची उलथी पडली होती, तिच्याशी बसलो. मुलुंडहून येताना तिने पर्समध्ये ती वही आणली होती. तिच्याकडे इतकी वर्षं जपलेली. नम्रताला द्यायची म्हणत होती, तिच्या बाबांचं अक्षरही आहे कुठेकुठे. मी पानं उलटली. होडीचा प्रश्न आला. ‘पाण्याची पातळी तेवढीच राहील.’ शाईत. सुलभाचं वळणदार अक्षर, निळी शाई जराशी तपकिरी झालेली.

मी तिला सांगितलं. पहिल्यांदा, कुणालाही. विनोद न करता.

तिने शाईतली ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला सांगायचं होतंस."

"हो."

"माझ्या अक्षरात खोटं लिहून घेतलंस, दिग्या."

"हो."

"आणि बोर्डात खरं लिहिलंस."

मी मान हलवली. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने नुसता पदर डोळ्यांना लावला. मग पर्समध्ये हात घालून पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबली.

"नाही," म्हणाली. "शाईला तीन बोटं लागतात."

पेन परत ठेवलं. पर्सच्या तळाशी पेन्सिलीचा एक तुकडा सापडला, तो माझ्या हातात दिला. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली मी लिहिलं, ‘पातळी कमी होईल. हरेश्वरचं उत्तर.’ खाली तुझं कारण लिहिलं, तुझ्या शब्दांत: धोंड्याचं वजन मोठं, अंग लहान. मग मी बोट ठेवलं. तिने ठेवलं. आणि आम्ही दोघं वयस्क माणसं तशीच बसून राहिलो, वहीवर दोन बोटं टेकून, मधे एका बोटाची जागा सोडून.

ते पेन्सिलीतच राहणार आता. वही नम्रताकडे आहे. शाईतलं खोटं आणि पेन्सिलीतलं खरं एकाखाली एक का, असं ती विचारायला येणार आहे, आणि मी तिला सांगणार आहे. दारातला दगडही तिला देणार आहे. तो तुमच्या होडीचा आहे.

पाणी उतरलं होतं, हऱ्या. नखाएवढं. सगळ्यात आधी मीच बघितलं होतं.

दिग्या